घरगणक जागा होईना

"आज गुरुवार असून बाजारात कोथिंबीर मुबलक आली आहे, वांगी मात्र महाग आहेत, आणि वारा पश्चिमेकडून वाहत असल्यामुळे दुपारी झाडाच्या सावलीत बसणे हितकारक ठरेल."

चारुशीलाताई गद्रे यांनी पडद्यावरचं हे लांबलचक वाक्य पाचव्यांदा मोठ्याने वाचलं. घरगणकाचा दिवा पिवळा झाला, आता हिरवा होणार असं वाटलं, आणि फट्कन विझला. पडद्यावर पुन्हा तेच दोन शब्द उरले. सुरुवात अपूर्ण.

"अरे, वांगी महाग आहेत हे पाच वेळा कबूल केलं की मी," ताई म्हणाल्या. "आता काय तुळशीवर हात ठेवून सांगू?"

मिरजेत काय नि दुसरीकडे काय, घरोघरची सकाळ हल्ली अशीच सुरू होई. परवलीचे शब्द जाऊन बरीच वर्षं झाली होती. मधल्या काळात गळ्याची नक्कल करणारी यंत्रं आली, लेकाच्या हुबेहूब आवाजात आईला फोन जाऊ लागले, आणि माणसाच्या आवाजावरचा विश्वासच उडाला. मग कोणा संशोधकांच्या लक्षात आलं, की चोर गळा चोरतो, श्वास त्याला चोरता येत नाही. बोलताना माणूस कुठे थांबतो, किती हवा आत घेतो, कुठल्या शब्दासाठी दम राखून ठेवतो, हे ज्याचं त्याचं वेगळं. त्या खुणेला नाव पडलं श्वासठसा. म्हणून घरगणक रोज सकाळी एक भलंमोठं वाक्य वाचायला देई. ते एका दमात कुणालाच वाचता येत नसे. वाचणारा जिथे श्वास घेई, तिथे गणक त्याला ओळखी आणि जागा होई.

आज तो ओळख दाखवायला तयार नव्हता.

ताई काही घाबरणाऱ्या नव्हत्या. चाळीस वर्षं नारदीय कीर्तनं केलेली बाई. ऐन आख्यानात वीज गेली तरी झांजेवर वेळ मारून नेणारी. त्यांनी खटका बंद केला. दहा अंक मोजावेत असं पुस्तिकेत लिहिलं होतं, ताईंनी त्याऐवजी तेरा वेळा रामनाम घेतलं. खटका चालू केला. पंखा घरघरला, दिवा पिवळा, दिवा गुल. मग मिक्सरच्या जागी वायर लावून पाहिली. जादा माइक, छपाईयंत्र, जे जे जोडलं होतं ते ते सोडवलं. बटण अंगठ्याने दाबून धरलं, मागची जाळी जुन्या लुगड्याच्या चिंधीने पुसली. गणक प्रत्येक वेळी उठून बसे आणि वाक्य ऐकलं की पुन्हा आडवा होई.

दुसऱ्या कुठल्या कारणासाठी असतं, तर ताईंनी त्याला खुशाल झोपू दिलं असतं. पण त्या पेटीत शालिनीची एकोणीस आख्यानं होती.

ताईंचे गुरू नरहरबुवा कुरुंदवाडकर यांच्याजवळ चाळीस आख्यानं होती, कुठेही न छापलेली. "सगळं पाणी एका घागरीत ठेवू नये," असं म्हणून त्यांनी एकवीस चारुशीलेला दिली आणि एकोणीस तिच्या गुरुभगिनीला, शालिनीला. बुवांच्या वह्या महापुरात गेल्या. शालिनी थकत चालली तेव्हा ताईंनी तिला महिनाभर आपल्याकडे आणून ठेवलं. उशी पाठीशी घेऊन, याच गणकासमोर बसून तिने एकोणीसच्या एकोणीस आख्यानं गाऊन दिली. चैत्रात ती गेली. प्रती काढून ठेवायला हव्यात, असं ताई रोज म्हणत आणि रोज उद्यावर टाकत.

त्यांनी मदतवाहिनीला फोन लावला. पलीकडून गोड, न दमणारा यांत्रिक आवाज आला.

"नमस्कार. मी मदतसखी. आपण मालक नाही आहात."

"मग काय भाडेकरू आहे? हा गणक माझा आहे, बाई. माझ्या देवघराशेजारी आठ वर्षं बसलाय."

"या आठवड्यापासून प्रत्येक गणकाच्या मालकाचा ठसा देशाच्या श्वासकोशाशी ताडून पाहिला जातो. आपल्या गणकात साठवलेल्या ध्वनिमुद्रणांवरून मालकाचा ठसा ठरवला गेला. श्वासकोशात तो, जुन्या ध्वनिमुद्रणांवरून नोंदलेला, श्री. नरहर गोविंद कुरुंदवाडकर यांच्या नावे आहे. त्यांचा मृत्यू अठरा वर्षांपूर्वी नोंदलेला आहे. मृताच्या गणकाला जागवण्याचा हक्क इतरांना नाही. सातव्या दिवशी गणक पुसला जाईल. आणखी काही मदत करू?"

ताईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाल्या, "केलीस तेवढी पुष्कळ झाली."

*

गणक दुरुस्त करणारी रुक्साना शिकलगार तंबोऱ्यांच्या गल्लीतली. तिच्या घरात चार पिढ्या भोपळे कोरून तंबोरे केले जात. रुक्सानाने हातात तारेऐवजी डाख देण्याचं यंत्र घेतलं, पण कान तोच होता. तिने गणकाची पाठ उघडली, एकेक भाग काढून तपासला, पुन्हा जागच्या जागी बसवला, आणि पंख्याला कान लावून डोळे मिटले.

"ताई, ह्याला काय झालेलं नाही ओ," ती म्हणाली. "पेटी ठणठणीत आहे. तुम्हीच मेलाय असं ह्याला वाटायलंय."

"मी नाही. बुवा."

"तेच की. तुम्ही म्हणजे बुवा, असं म्हणतोय हा."

"ती साठवणीची चकती काढून दुसऱ्या पेटीत लावता येत नाही?"

"एकमेकांना शिवून टाकल्यात. चकती उपसली की आतलं सगळं कुलपात. मूळ जागरणात नेऊन बघते. का झोपतोय ते तरी सांगेल."

मूळ जागरण म्हणजे गणकाला अर्धवट उठवणं. डोळे उघडायचे, पण घरात पाऊल टाकायचं नाही. रुक्सानाने दोन कळा एकदम दाबून धरल्या. पडद्यावर रेघांचे डोंगर उभे राहिले. वरचा डोंगर बुवांच्या श्वासाचा, मधला शालिनीचा, खालचा ताईंचा. तिघांचे चढउतार एकाखाली एक असे बसले होते, जणू एकाच साच्यातून काढलेल्या करंज्या. कडेला आकडा होता. शंभरात शहाण्णव.

"आणि हे काय?" रुक्सानाने बोट ठेवलं. तिन्ही डोंगरांवर एकाच जागी एक बारीक काटा होता. "द्रौपदीच्या थाळीचं आख्यान. बाविसाव्या मिनिटाला. तिघंही काहीतरी करतायत इथं."

ताईंनी पाहिलं आणि त्या एवढ्या हसल्या, की त्यांना पदर डोळ्यांना लावावा लागला.

"अगं, तो खोकला! हे आख्यान वाटणीतलं नाही, बुवांनी आम्हा दोघींनाही दिलेलं. थाळीच्या काठाला भाजीचं एक पान चिकटलेलं असतं, देव ते उचलतो, तिथली पुढची ओळ बुवांना एकदा आठवेना. मग ते खोकले. तबलजी हुशार, त्याने तेवढ्यात एक तुकडा वाजवला. नेमकं ते ध्वनिमुद्रण झालेलं. आम्ही दोघी त्यावरून शिकलो, त्या खोकल्यासकट. बुवा नंतर किती रागावले, की अगं मुलींनो, ती चूक आहे! पण जीभ वळली ती वळली. आता माझ्या शिष्याही तिथे खोकतात."

"म्हणजे ह्या कोशवाल्यांनी धरलं, की श्वास कुणी कुणाचा घेत नाही," रुक्साना म्हणाली. "आणि तुमच्यात पहिल्यांदा श्वासच घ्यायला शिकवतात."

"गुरूचा श्वास कुठे पडतो ते कळल्याशिवाय ओळ हाती येत नाही, पोरी. सूर नंतर."

पडद्याच्या तळाशी एक प्रश्न लुकलुकत होता. आपण नरहर गोविंद कुरुंदवाडकर आहात का? खाली दोन चौकटी होत्या. 'नाही' म्हटलं तर एक प्रतिज्ञापत्र येत होतं. या गणकातील सर्व गायन ही मृत व्यक्तीची नक्कल असून ते मृतसंचयात कायमचे बंद करावे, अशी त्यावर सही करायची. गणक ताईंचा, रिकामा.

"'हो' दाबा," रुक्साना म्हणाली. "मृत्यूची नोंद चुकलेली असं धरतो तो. सगळं उघडतंय बघा. बुवा तर काय रागवायला येणार नाहीत."

"त्यांच्या तोंडात शेवटचं तुळशीपत्र मी घातलंय. आणि इथे बसून म्हणू, की मीच ते? उद्या हरिश्चंद्राच्या आख्यानाला कुठल्या तोंडाने उभी राहू?"

"मग 'नाही' दाबा."

"शालिनी काय नक्कल करत होती? दम लागत असताना, शेवटच्या महिन्यात?" ताईंचा आवाज चढला. "ते तिचं आहे, बुवांचं आहे आणि माझंही आहे. सोन्याची साखळी एका कडीच्या नावावर करून द्या म्हणतात मेले! मी दोन्ही दाबणार नाही."

रुक्सानाने माइक ताईंपुढे सरकवला. मग म्हणाली, "एक करू. कीर्तन नको, पाठ नको. साधं बोला. तुमचा स्वतःचा श्वास सापडला तर निदान तक्रार तरी करता येईल. चहाबद्दल बोला."

ताईंनी चहाबद्दल बोलून पाहिलं. आल्याच्या भावाबद्दल बोलल्या, गुडघ्याच्या दुखण्याबद्दल बोलल्या, शेजारच्या कुत्र्याला शिव्याही घातल्या. रुक्सानाने आकडा पाहिला आणि पडदा किंचित आपल्याकडे वळवला.

"सांग की."

"एक्क्याण्णव."

या वेळी ताई हसल्या नाहीत. बुवा होते तोवर किती सकाळी त्यांनी बुवांच्या मागे तंबोरा धरून श्वास मोजला होता. ओळ गेली, सभा संपली, घरी येऊन भाजी निवडायला बसल्या, तरी श्वास तोच चालू राहिला होता. आपलं असं छातीत काहीच उरलं नाही की काय? देवघरातल्या समईकडे त्यांचं लक्ष गेलं. एका वातीवरून दुसरी लावली, तर दुसरीच्या उजेडाला कुणी नक्कल म्हणतं का? हा दृष्टान्त त्यांनी सभेत शंभरदा दिला होता. आज पहिल्यांदा तो त्यांना स्वतःला लागला.

"रुक्साना," त्या म्हणाल्या, "ह्याचे नियम सगळे वाच. बारीक अक्षरातले पण. ज्याने एवढा किल्ला बांधलाय, त्याने चोरदिंडी ठेवलीच असेल."

*

चोरदिंडी रुक्सानाला तिसऱ्या दिवशी सापडली. तिने ती वाचूनच दाखवली. "एकच श्वासठसा एकाच क्षणी दोन जिवंत देहांतून आल्यास तो ठसा अविश्वसनीय समजावा. गणक मूळ किल्लीने उघडावा. संबंधित दोन्ही व्यक्तींचे श्वासठसे कोशातून कायमचे रद्द करावेत."

किल्ली होती. गणकाबरोबर आलेली, अंगठ्याएवढी, हळदीकुंकवाच्या डबीत ठेवलेली. प्रश्न दुसऱ्या देहाचा होता. ताईंच्या सहा शिष्यांपैकी पाच जणींचे आकडे सत्तरीच्या आसपास होते. नव्वदीपाशी पोचणारी एकच, प्रणोती कांबळे.

प्रणोती शस्त्रक्रियागृहात परिचारिका होती. तिच्या रुग्णालयातलं प्रत्येक दार, औषधांचं प्रत्येक कपाट श्वासावर उघडे. ठसा रद्द झाला तर ती स्वतःच्या कामाच्या जागीच परकी होणार होती. शिवाय बँक, रेशन, रेल्वे. जिथे जाईल तिथे कागद दाखवायचा आणि रांगेच्या शेवटी उभं राहायचं.

ताईंनी तिला हे सगळं नीट सांगितलं आणि म्हणाल्या, "माझं काय, मी म्हातारी. देवळात जायला कुणी श्वास मागत नाही. तू नाही म्हणालीस तरी मी तुला तेवढीच माया करीन. उलट तू नाहीच म्हण."

प्रणोतीने हातातली बशी खाली ठेवली. "ताई, शालूमावशींची आख्यानं पुसली गेली, तर मी शिकू कुणाकडनं?"

"माझी एकवीस आहेत."

"एकवीस म्हणजे अर्धी गाडी. पलीकडचं चाक कोण देणार?" ती म्हणाली. "आणि दाराचं म्हणाल, तर आतून उघडायला आमच्या सुभद्रामावशी असतात. मी ठोठावीन. तिसऱ्यांदा ठोठावलं, की तेच वैतागून दुसरी व्यवस्था करतील. आमच्या मेट्रननेही विचारलं, तर सांगीन, की माझा श्वास माझ्या गुरूंकडून आलाय, चोरीचा नाही."

"नोकरीवर आलं तर?"

"तर भांडीन. तुम्ही शिकवलंय की, झांज पडली तरी ताल पडू द्यायचा नाही."

 ताईंनी उठून प्रणोतीच्या कपाळाला बुक्का लावला.

सहाव्या दिवशी दुपारी, जेवणं झाल्यावर, रुक्सानाने दोन माइक लावले. गणकाचा डोळा दोघींच्या छातीवर रोखला, म्हणजे दोन देह हलताना त्याला दिसतील. ताईंनी पदर खोचला. प्रणोतीने झांज घेतली. समोर श्रोता म्हणून हा एक हट्टी गणक आणि डाख देण्याचं यंत्र कुशीत धरून बसलेली रुक्साना. ताईंनी डोळे मिटले, नमन केलं, आणि दोघींनी मिळून द्रौपदीची थाळी सुरू केली.

दुर्वास दारात आले, शिष्यांची रांग नदीवर गेली, द्रौपदीने देवाला हाक मारली. दोघींचे शब्द एकदम उठत, एकदम टेकत. बाविसाव्या मिनिटाला भाजीचं पान आलं, देवाचा हात पुढे झाला, आणि तिथे ताई एकट्याच खोकल्या. आकडा चौऱ्याऐंशीवर घसरला. दिवा विझला.

"खोकली का नाहीस?" ताई कडाडल्या.

"ताई, तुम्हीच म्हणालात ना, की ती बुवांची चूक आहे," प्रणोती ओशाळून म्हणाली. "म्हटलं, एवढं शेवटचं, तर शुद्ध म्हणावं."

"चूकच आहे ती! पण आपल्या घरची आहे. शुद्ध म्हणायला तो मदतसखीवाला आवाज बसलाय तिकडे. चल, पुन्हा. पहिल्यापासून."

"पहिल्यापासून?" रुक्साना कळवळली. "ताई, पाणी तरी प्या."

"देवाला नैवेद्य अर्ध्यावरून दाखवतात का?"

पुन्हा नमन झालं. पुन्हा दुर्वास आले. या खेपेला प्रणोतीने आकड्याकडे पाहिलंच नाही, ती ताईंच्या खांद्याकडे बघत होती. खांदा उचलला की ती हवा घेई, खांदा उतरला की सोडी. भाजीच्या पानापाशी दोन गळे एकदम थांबले, एकदम खोकले, आणि पुढच्या ओळीवर एकदम उतरले. गणकाचा पंखा जोरात फिरू लागला. दिवा पिवळा, हिरवा, पिवळा, असा गोंधळला. मग पडद्यावर अक्षरं उमटली. एक ठसा, दोन देह. ठसा अविश्वसनीय. दोन्ही नावे रद्द करावीत का?

रुक्सानाने दोघींकडे पाहिलं. "अजून मागं फिरता येतंय."

ताईंनी प्रणोतीकडे पाहिलं. प्रणोतीने पुढे होऊन 'हो' दाबलं.

किल्ली लागली. गणक जागा झाला. ताईंनी पहिलंच नाव निवडलं, आणि त्या खोलीत शालिनी बोलू लागली. दमलेली, उशीला टेकलेली. "चारू, पाणी दे गं आधी," असं म्हणून तिने कबीराच्या आख्यानाला हात घातला. तिघींपैकी कुणीही डोळे पुसायला उठली नाही. रुक्सानाने मात्र त्याच क्षणी तीन प्रती काढायला घेतल्या.

*

पुढचा आठवडा सोपा गेला नाही. पेन्शनच्या खिडकीवर ताईंना कळलं, की नोंदीपुरत्या त्या श्वास घेत नाहीत. "मग ही शिंक कुणाची?" असं विचारून त्यांनी तिथल्या माणसाकडून कागदावर शिक्का मारून घेतला. प्रणोती रोज सकाळी दार ठोठावत होती. दोनदा तिला दहा मिनिटं ताटकळत ठेवलं, तिसऱ्यांदा शस्त्रक्रिया खोळंबली आणि मोठे डॉक्टर स्वतः दार उघडायला आले. तिच्यावर चौकशी बसली होती. चौकशीला घेऊन जायला तिने बुवांचं, ताईंचं आणि स्वतःचं नाव एका कागदावर एकाखाली एक लिहून ठेवलं होतं.

त्याच दिवशी दुपारी ताईंना अनोळखी फोन आला. माणूस कवठेमहांकाळच्या बाजूचा होता, बोलणं जपून.

"ताई, मी ज्ञानू गुरव. आमी चौघं भाऊ सनई वाजवतो. रुक्सानाबाईंनी नंबर दिला. आमचा गणक उठंना झालाय. चौघांनाबी तो आमचा बाप म्हनतोय. बाप जाऊन सहा वरसं झाली. बापाचं सगळं वाजवनं त्यातच हाय."

ताईंनी त्याला चोरदिंडी सांगितली. किती दिवस उरलेत ते विचारलं. मग त्याहून सावकाश, काही न लपवता, पुढचं सांगितलं. खिडक्या, दारं, शिक्के, रांगा.

"दोघं बसलात तर दोघांचा, चौघं बसलात तर चौघांचाही श्वास रद्द होईल, ज्ञानोबा. विचार करून ठरवा."

पलीकडे फोनवर हात ठेवून बोलणं झालं. भावांचे आवाज वर गेले, खाली आले. कुणीतरी हसलं. मग ज्ञानू पुन्हा बोलला.

"आमचं ठरलं. पन थोरला एक इचारतोय. म्हनतोय, आमच्या गावात भजनी मंडळ हाय, तालमीतली पोरं हायत, एकीमागं एक ओव्या म्हननाऱ्या बाया हायत. ही सगळीच उद्या गणकाम्होरं बसली, नि सगळ्यांचाच श्वास रद्द झाला, तर ताई, मग दारं कुनासाठी बंद ठेवनार ही मंडळी?"